वेताळ टेकडीचे दगड जागच्या जागी

सगळ्यात आधी सुमतीकाकूंचं नाव लिहितो, टेकडीचं नंतर. त्या नसत्या तर त्या सोमवारी मी गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसलो असतो आणि हे लिहायला माझ्यापाशी काही नसतं.

सुमतीकाकू कोथरूडला एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. गुडघ्यांमुळे फारशा बाहेर पडत नाहीत, पण त्यांच्या खिडकीतून अख्खं गेट दिसतं. चाकणच्या कारखान्यातलं माझं कंत्राट संपल्यावर त्या गेटवर मी बदली वॉचमन म्हणून लागलो होतो. मूळचा वॉचमन लग्नाला गावी गेला होता, तो परत येईपर्यंत. पाण्याच्या मोटरपाशी गळणारं पाणी मी बादलीत धरायचो आणि गेटजवळच्या सुकत चाललेल्या पारिजातकाला घालायचो. कुणी सांगितलं नव्हतं. रिकामं बसवत नव्हतं, एवढंच.

एक दिवस काकूंनी खिडकीतून हाक मारली. "काय रे, झाडांचं कळतं का तुला?"

"धानाचं कळते जी. झाडाचं थोडंसं."

"थोडंसं पुरे," म्हणाल्या आणि माझ्यासमोरच फोन लावला. वेताळ टेकडीवर काही मंडळी गावठी झाडं लावतात, जगवतात. त्यांना उन्हाळा-पावसाळा पूर्णवेळ राहणारा एक माणूस हवा होता. काकू फोनवर म्हणाल्या, "माझ्या ओळखीतला आहे. मी सांगते ना!" त्यांची माझी ओळख म्हणजे किती? खिडकी ते गेट. फोन ठेवून मला म्हणाल्या, "मराठे म्हणून आहेत, कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. ते तुला एक दिवस टेकडीवर फिरवतील आणि ठरवतील. मी शब्द टाकलाय हो माझा. आता तू जाण आणि टेकडी जाण."

रात्रभर तो शब्द माझ्या छातीवर बसून होता. मूळ वॉचमन सोमवारी येणार होता. हे काम मिळालं नाही तर साकोलीच्या पलीकडे आमचं गाव आहे, तिथे भावाचं घर आहे, जेवायला मिळेल. पण काम नाही. आणि माझं मी पाहून घेईन, काकूंच्या शब्दाचं काय? माझी शाळा आठवीत सुटली. त्यानंतर माझ्यासाठी कुणी असा शब्द टाकल्याचं मला आठवत नाही.

आता टेकडीचं सांगतो.

आपल्या भंडाऱ्याकडच्या माणसाला टेकडी म्हटलं की जंगल दिसतं, खाली तलाव दिसतो, पांढऱ्या गारगोट्या दिसतात. पुण्यातली टेकडी तशी नाही. ती शहराच्या मधोमध आहे. एका बाजूला कोथरूड, एका बाजूला पाषाण, खाली रस्ते, मेट्रो, आणि वर हा उघडा, काळा, दगडी पसारा. इथले लोक 'टेकडीवर जाऊन येतो' असं म्हणतात, आपल्याकडे कुणी मारुतीला जाऊन येतो म्हणावं तसं. रोज जातात. पावसात जातात, तापातून उठल्यावर जातात.

रविवारी गेटवरून सुट्टी होती, मी उजाडायच्या आतच निघालो. काकूंनी आदल्या संध्याकाळीच डबा दिला होता. गल्ल्या संपल्या, बंगल्यांची मागची कुंपणं संपली, आणि पायवाट चढायला लागली. एप्रिल संपत आला होता. सकाळीच दगडांतून ऊब येत होती. निम्म्या चढणीवर लक्षात आलं की घाईत पाणी घ्यायचं राहिलं. घसा कोरडा पडला होता, अर्धा उन्हाने आणि अर्धा भीतीने. वाटेच्या कडेला एका छोट्या झाडाच्या बुंध्याशी, सावलीत, पाण्याची भरलेली बाटली होती. आसपास कुणी नव्हतं. वाटलं, पुण्याचे लोक चांगले दिसतात, वाटसरूंसाठी पाणी ठेवतात. मी बाटली उघडून निम्मी रिकामी केली.

"गार आहे का?" मागून आवाज आला.

पांढरी टोपी, खाकी अर्धी चड्डी, पायात जाड बूट. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन.

"हो जी," मी म्हणालो.

"प्या, प्या. मोईचं होतं ते. मोईला काय, पावसाळ्यापर्यंत थांबायची सवय आहे."

मोई म्हणजे ते झाड. बाटली माझ्या हातात तशीच राहिली.

"नाव?"

"हरिदास, जी."

"हे 'जी' मला आहे की नावातच आहे?"

"तुम्हालाच आहे जी."

"सुमतीबाईंनी पाठवलेले ते तुम्हीच का?"

मी मान हलवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण तिथली धरणी सगळी कातळाची.

"म्हणजे झाडांना पाणी घालायला आलात," मराठेकाका म्हणाले. "सुरुवात छान आहे."

उरलेलं पाणी मी मोईला घातलं. काकांनी कॅनमधलं वर घातलं आणि चालता चालता तिथली रीत सांगितली. टेकडीवर नळ नाही. फिरायला येणारी माणसं घरून एक एक, दोन दोन बाटल्या घेऊन चढतात आणि आपापल्या झाडाला घालतात. कुणी चढायच्या आधी ठेवून जातं, उतरताना घालतं. "इथे वर जे पाणी दिसतं," ते म्हणाले, "ते कुणीतरी हातांनी चढवलेलं असतं. बाटली दिसली की पाणी आहे असं समजायचं नाही. कुणाची तरी चढण आहे असं समजायचं." मग आपल्या खांद्यावरच्या पिशवीतून दुसरी बाटली काढून माझ्या हातात दिली. "ही माणसांची. हिच्यातलं प्या."

वाट एका ठिकाणी उभ्या कापलेल्या मातीच्या भिंतीजवळून जाते. भिंत म्हणतो, पण ती टेकडीचीच कापलेली बाजू. खाली काळा खडक, वर काळा खडक आणि मधोमध हातभर जाडीचा लालभडक थर. हळदीकुंकवाच्या करंड्यातलं कुंकू सांडावं तसा. मी थांबलो.

"आवडला का?" काकांनी विचारलं. "ही जुनी जमीन आहे."

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर चूक माझी. हा सगळा मुलूख तापलेल्या लाव्ह्याचा (जमिनीच्या पोटातून वाहत आलेला खडकाचा रस) आहे. तो एकदाच आला नाही. एक थर आला, पसरला, थंड झाला. मग पुष्कळ काळ काहीच आलं नाही. त्या काळात वरचा दगड कुजून माती झाली. आणि मग पुन्हा वरून नवा रस आला आणि त्याने ती माती भाजून काढली.

"विटाभट्टीसारखी," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

काकांनी वळून पाहिलं. "हो. विटाभट्टीसारखीच." आणि पुढे चालू लागले. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

वर चढलो तसा खडक बदलत गेला. कुठे एकजीव, निळसर काळा, त्यावर पहार मारली तर पहार उलटी यावी असा. कुठे भोकाभोकांचा, ठिसूळ, हाताने सुटणारा. त्याला मांजऱ्या म्हणतात. लाव्ह्यात वाफेचे बुडबुडे होते, रस थंड झाला तेव्हा त्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट खडे धरले. एक दगड फुटून पडला होता, त्याच्या पोटात साखरेसारखे खडे चमकत होते. मी उचलून पाहत होतो.

"खिशात नको," काका म्हणाले. "येणारा प्रत्येक जण एकच नेतो. असंच चाललं तर टेकडी खाली मंडईत भेटेल."

मी ठेवला.

झाडं दोन तऱ्हेची दिसली. एक, सरकारी लागवडीतलं गिरिपुष्प. परदेशी झाड, पटकन वाढतं, सगळीकडे तेच. त्याच्याखाली गवतसुद्धा नीट येत नाही. दुसरी, इथली जुनी. सालईच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले, पान एक नाही. गणेरीवर पिवळी फुलं अगदी शेवटची, दोन-चार. मेडशिंगी, धावडा, खैर. मोर दिसला नाही पण ओरडत होता. सालई पाहून मला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं, आपल्याकडच्या डोंगरांतही ती आहे. तिच्या बुंध्यावर हात ठेवला. काका बघत होते.

माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ आहे. तिथे म्हातारी मंडळी बसून राजकारण करतात आणि तरुण मंडळी धापा टाकत मनगटावरचं घड्याळ पाहतात. चारी बाजूंनी शहर. सिंहगड धुरकट दिसत होता, त्याच्या अलीकडे खडकवासल्याचं पाणी असावं तिथे एक चकाकी. एवढ्या उंचावरून आमची सोसायटी शोधली. सापडली नाही. सगळ्या इमारती सारख्याच.

देवळाच्या पुढे उतरलं की जुनी खाण लागते. कधीकाळी इथून दगड काढून नेले, शहरातल्या किती घरांच्या जोत्यांत गेले असतील. आता तो मोठा खड्डा आहे, कड्यासारख्या भिंती, आणि तळाशी हिरवं पाणी. त्या भर उन्हाळ्यातही होतं. खंड्या एका फांदीवर निळा ठिपका होऊन बसला होता. खाणीच्या भिंतीत सगळे थर एकावर एक दिसतात, आणि उभ्या भेगाही. "पाणी या भेगांतून खाली जातं," काका बोटाने दाखवत म्हणाले. "घट्ट थर लागला की अडतं, मग आडवं चालतं, आणि टेकडीच्या पायथ्याला कुठेतरी झरा होऊन निघतं. वरून ही टेकडी कोरडी दिसते. आतून नाही."

मी खाणीतल्या पाण्याकडे पाहत राहिलो. आपल्याकडे पाणी डोळ्यांपुढे असतं. बोडीत (शेताचं छोटं तळं), तलावात, बांधीत (धानासाठी चारी बाजूंनी बांध घातलेला वावराचा तुकडा). कोरडी जमीन आतून ओली असते, हे मला खरंच वाटेना. आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

ऊन चढलं तेव्हा काकांनी झुडपात लपवलेली पहार, फावडं आणि घमेलं काढून दिलं.

"पावसाआधी आम्हाला खड्डे घ्यायचेत. गावठी झाडांची रोपं तयार आहेत. मी आता घरी जातो, गोळ्या घेतो, पडतो, आणि उन्हं कलली की येतो. तोवर तुम्ही जागा शोधा आणि एक खड्डा घेऊन ठेवा. एकच. मला खड्डा बघायचा नाहीये, जागा बघायची आहे. कळलं?"

"हो जी."

"त्यावरच ठरेल." आणि ते गेले.

खाणीजवळच्या सावलीत बसून डबा उघडला. पोळ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं गोड लोणचं. आपल्याकडे लोणच्यात गूळ घातला तर घरात भांडण होईल. पण मी बोटं चाटून खाल्लं. काकूंचे गुडघे दुखत असताना त्यांनी उभं राहून त्या पोळ्या लाटल्या होत्या.

मग उठलो जागा शोधायला.

खाणीच्या मागे एक सपाट पट्टा आहे. वाळलेलं कुसळी गवत, मधून मधून पसरलेले दगड, उतार नाही म्हटला तरी चालेल. ते पाहून माझं मन एकदम निवलं. धानाच्या मुलखातल्या माणसाला सपाट जागा दिसली की त्याला ती शेतासारखीच दिसते. मी मनात म्हणालो, ही बांधी आहे, कुणी केली नाही एवढंच.

पहार मारली. वीतभर खाली टण्ण झालं. हात खांद्यापर्यंत झणाणले. दोन पावलं सरकून पुन्हा मारली. पुन्हा टण्ण. तिसरीकडेही तेच. वर वीतभर माती आणि खाली सलग कातळ, ताट पालथं घातल्यासारखा.

आता इथे दुसरा माणूस असता तर म्हणाला असता, ही जागा नाही. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. माती कमी आहे ना? मग माती थांबवू. आपल्या वाडवडलांनी काय केलं? उतारावर धुरा (मातीदगडाचा बांध) घातला, पाणी अडवलं, पाण्याबरोबर गाळ आला आणि वावर झालं. मी खालच्या अंगाला धुरा घालतो, पावसात इथे पाणी तुंबेल, गाळ बसेल, मग झाडं का येणार नाहीत? मराठेकाका एक खड्डा बघायला येतील आणि त्यांना अख्खी बांधी दिसेल! मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सगळ्या पट्ट्यावरचे दगड मी उचलत सुटलो आणि एका ओळीत रचत गेलो. एक टिटवी आली आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. टिटिव् टिव्, टिटिव् टिव्. थांबेचना. मला वाटलं, पावसासाठी ओरडते. मी तिला म्हणालोसुद्धा, "थांब बाई, पाण्याचीच सोय करतो आहे."

धुरा गुडघाभर उंच झाला असेल, तेवढ्यात पाषाणच्या बाजूने एक बाई आल्या. साठी उलटलेल्या, डोक्यावर पदर, काखेत काटक्यांची मोळी, हातात कोयती. इंदूबाई. त्यांच्या घरची जमीन खाली होती, आता तिच्यावर इमारती आहेत आणि त्यांना त्यात फ्लॅट आहेत, हे त्यांनी पहिल्या दोन वाक्यांतच सांगितलं. पण अंघोळीचं पाणी बंबात तापल्याशिवाय अंगाला लागत नाही म्हणून सरपणाला टेकडीवर येतात.

"काय चाललंय रं?"

"धुरा घालतो मावशी."

"काय घालतोस?"

"बांध. पाणी अडवायला. मग इथे माती धरेल."

त्यांनी मोळी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा धुरा पाहिला.

"भात लावतोस व्हय वेताळबाबाच्या टकुऱ्यावर? लाव, लाव. कापणीला सांगावा धाड, आमी येतो इळं घिऊन."

मी हसलो नाही. त्याही मग हसायच्या थांबल्या. "कुठला तू?"

"भंडाऱ्याकडचा."

"आई हाय का?"

"नाही जी."

"हं." मग वर पाहून म्हणाल्या, "अन् ही टिटवी का बोंबलतीय, बघितलंस?"

"पावसासाठी ओरडत असेल."

"पावसासाठी न्हाय, तुझ्यासाठी वरडतीय ती! आंडी हायती तिची हितं. तू तिचं घर उचलून बांध घालतोयस."

कोयतीच्या टोकाने त्यांनी दाखवलं. मला काहीच दिसेना. मातीच दिसली. मग एकदम दिसली, चार अंडी, मातीच्याच रंगाची, काळे शिंतोडे उडालेली. घरटं नाही, काडी नाही. उघड्या जमिनीवर चार बारीक खडे भोवती मांडलेले. माझ्या पावलापासून हातभरावर. आजूबाजूचे जे मोठे दगड होते, ज्यांच्यामुळे ती अंडी दगडांतला दगड वाटायची, ते मी सगळे उचलून नेले होते. आता पोरक्या लेकरासारखी ती उघड्यावर पडली होती.

"दगडाखाली काय काय ऱ्हातं हितं," इंदूबाई मोळी उचलत म्हणाल्या. "इच्चू हाय, सरडं हायती. पावसात बारीक बारीक फुलं येत्यात ह्या गवतात, गालिचा घातल्यावानी. हे काय मोकळं रान न्हाय बाबा. भरल्यालं हाय." आणि गेल्या.

मी तिथेच बसलो. ऊन कलायला लागलं होतं. काका केव्हाही आले असते. एकही खड्डा झालेला नाही, आणि समोर टेकडीची केलेली नासधूस. दोन गोष्टी करता आल्या असत्या. खाणीच्या पलीकडे मऊ जागा बघून झटपट एक खड्डा घ्यायचा, काकांना तिकडेच न्यायचं, ह्या पट्ट्याचं नावच काढायचं नाही. काम मिळालं असतं, कदाचित. किंवा दगड परत ठेवायचे, आणि खड्डा नाही म्हणजे नाही.

काकूंचा शब्द डोळ्यांपुढे आला. आधी वाटलं, त्याच्यासाठी तरी खड्डा घे. मग वाटलं, त्यांनी शब्द टाकला तो खड्ड्यासाठी नाही. त्यांना खड्ड्याचं काय? टिटवी आता ओरडत नव्हती, लांब एका दगडावर उभी राहून माझ्याकडे पाहत होती. तिचं गप्प राहणं जास्त वाईट होतं.

मी पहिला दगड उचलला.

आणि मग कळलं की प्रत्येक दगडाला आपली जागा असते. जिथून उचललेला असतो तिथे त्याचा ठसा असतो, बरोबर त्याच्याच आकाराचा खळगा, कडेला गवताच्या पांढऱ्या मुळ्या, आत मुंग्यांची अंडी. दगडाची वरची बाजू उन्हाने रंग उडालेली, शेवाळाचे वाळलेले डाग असलेली, आणि खालची काळी. काळी बाजू खाली, ठसा जुळवायचा आणि हलकेच टेकवायचा. बसला की 'टक्' होतं. चुकीचा असेल तर डगमगतो. अंड्यांजवळचे आधी ठेवले आणि तिथून दूर झालो. एका दगडाखालून विंचू निघाला, नांगी वर करून माझ्याकडे पाहून शेजारच्या भेगेत गेला. माझ्या पायात नुसत्या चपला होत्या.

ठेवता ठेवता आणखी एक दिसलं. बहुतेक खळगे कोरडे, धूळ. पण एका ओळीतले ओले होते. चिखल नाही, पण हात लावला की गार, आणि माती बोटाला चिकटत होती. ती ओळ वाकडीतिकडी पट्ट्याच्या कडेपर्यंत जात होती, जिथे सपाटी संपून उतार लागतो. त्या ओळीवर गवताच्या बुडखातही थोडा हिरवेपणा होता. सकाळी खाणीच्या भिंतीत पाहिलेल्या उभ्या भेगा आठवल्या. मी दगड तसेच ठेवत राहिलो.

"खड्डा कुठाय?"

मराठेकाका. माझ्या हातात दगड होता.

"नाही घेतला जी."

"मग एवढा वेळ?"

मी सगळं सांगितलं. बांधीचं, धुऱ्याचं, टिटवीचं, इंदूबाईंचं. ते एका खडकावर बसले.

"कातळावर भातशेती," ते म्हणाले. "एवढी वर्षं या टेकडीवर येतोय, हे कुणाला सुचलं नव्हतं." मग, "कुठला दगड कुठे, हे कसं कळतं तुम्हाला?"

मी ठसा दाखवला. वरची बाजू, खालची बाजू. ते गुडघ्यावर हात टेकत कष्टाने वाकले, मी ठेवलेल्या दगडांवरून नजर फिरवत गेले, आणि एका दगडापाशी थांबले.

"हा उलटा बसलाय."

खरंच बसला होता. त्यांनी तो स्वतः फिरवला.

मग मी ती ओल्या खळग्यांची ओळ दाखवली. एका दगडाखाली त्यांनी हात घातला आणि बोटं चोळत राहिले. मग ओळीवरून चालत पट्ट्याच्या कडेपर्यंत गेले. उताराच्या सुरुवातीला, गवताळ पट्टा सोडून, थांबले.

"इथे पट्ट्यात झाड लावायचंच नाही. हे गवताचं रान आहे, गवताचंच राहू दे. पण ही भेग खाली उतरते ना, ती इथे. पहार आणा."

पहार मारली. हात झणाणले नाहीत. पहार गेली, हातभर गेली. खाली लालसर, ठिसूळ मांजऱ्या, आणि त्याच्याबरोबर पांढरे खडे वर आले. काकांनी मूठभर उचलून नाकाशी नेलं. मीही घेतलं. ओल्या मातीचा वास होता, अगदी मंद.

"एवढ्या उन्हाळ्यात," मी म्हणालो.

"आतून कोरडी नाही म्हणालो होतो ना मी," ते म्हणाले. फावडं माझ्या हातात दिलं. "घ्या खड्डा. आणि जास्तीची माती उताराच्या खालच्या बाजूला टाका, अर्धगोल. तेवढा तुमचा धुरा इथे चालेल."

खड्डा झाला, उरलेले दगडही जागी ठेवून झाले, तेव्हा आम्ही लांब सालईखाली जाऊन उभे राहिलो. बोलायचं नाही असं त्यांनी बोटाने खुणावलं. टिटवी आली. थांबली, चार पावलं पळाली, पुन्हा थांबली. दगडांमधून वळसे घेत त्या जागेशी आली, अंगाची पिसं फुलवली आणि हळूच खाली बसली. बसल्यावर ती दिसेनाशीच झाली. सूर्य पाषाणच्या बाजूला उतरत होता. मला वाटतं मी श्वाससुद्धा सावकाश घेत होतो.

"उद्या पहाटे या," काका कुजबुजले. "आणि चपला नकोत. बूट घालून या. विंचू सगळेच तुमच्या आजच्यासारखे सज्जन नसतात."

ते काम मिळाल्याचं सांगत होते, हे मला उतरणीला लागल्यावर कळलं.

खाली येताना शहराचे दिवे लागत होते. फिरायला आलेली माणसं रिकाम्या बाटल्या हलवत उतरत होती. मी पुण्यात आल्यापासून पायाखाली पाहिलंच नव्हतं. चाकणला फरशी, कोथरूडला डांबर. पुण्याची जमीन कशी आहे म्हणून कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, जमीन नाहीच. आता मला माहीत होतं की खाली थरावर थर आहेत, मध्ये भाजलेल्या लाल मातीच्या पट्ट्या आहेत, भेगांतून पाणी चालतं आहे. आपल्याकडचा दगड याहून फार जुना, असं काका म्हणाले होते. हे ऐकून उगाच अभिमान वाटला. पण परक्या गावाची जमीन आतून कशी असते हे एकदा कळलं की ते गाव तेवढं परकं राहत नाही, असं माझं झालं आहे. दुसऱ्याचं मला माहीत नाही.

काकू खिडकीत होत्या. मी गेटातून आत शिरतो न शिरतो तोच हाक. "काय रे? मराठ्यांनी फाडून खाल्लं का?"

"थोडंसं जी."

"म्हणजे घेतलंय," काकू म्हणाल्या आणि दार उघडायला भिंतीला धरत धरत आल्या. मला आत बसवलं, आमटी-भात वाढला. आमटीत गूळ होता. मी दोनदा मागून घेतली. टिटवीची गोष्ट ऐकताना त्यांचा हात वाढता वाढता थांबला, आणि "बसली ना परत?" असं त्यांनी तीनदा विचारलं.

आता तिथे काम करतो आहे. हे लिहितो आहे ते दुपारच्या सुट्टीत, सालईखाली बसून. काकूंचं मी काही फेडू शकेन असं आज तरी माझ्याकडे नाही. पण एक ठरवलं आहे. एखाद्या थंडीत, धान कापणीला आलं असताना, मी त्यांना आपल्याकडे आणणार. तलावात कमळं असतील, उत्तरेकडची बदकं उतरलेली असतील. ढिवर मासेमारांच्या डोंग्यात (खोड कोरून केलेली होडी) मऊ पेंढा घालून त्यांना बसवणार आणि मी स्वतः बांबू मारत पाण्याच्या मधोमध नेणार. डोंग्यात बसायला गुडघे लागत नाहीत, काकू. नुसतं बसायचं असतं.